पंपातलं पाणी

अप्पर हट,
रविवार, २७ मे २०१८

प्रिय मकरंद,

अक्षर ओळखलं असशीलच. तुमच्या ट्रेलरवरच्या टाकीवर ‘पिण्याचे पाणी नाही’ असं मराठीत मीच रंगवलं होतं, आणि काका, हे इथे वाचणार कोण, म्हणून तू आणि सुशील हसत सुटला होता. फोनवर टाइप करायला मला अर्धा अर्धा तास लागतो, त्यात तो फोन आगाऊपणे माझे शब्द बदलतो. म्हणून सलोनीकडून तिच्या शाळेच्या वहीची पानं मागून घेतली. कशाला हवीत असं तिने इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, तिने ‘ओके आजोबा’ म्हणून सहा पानं फाडून दिली. तिला मोठं पत्र लिहायची गरज अजून कधी पडली नाही, त्यामुळे सहा पानं म्हणजे पुष्कळ असं तिला वाटतं.

अस्मिताची तब्येत कशी आहे? सातवा लागला असं गार्गीने सांगितलं. इथे असती तर तिचं डोहाळजेवण मीच केलं असतं, असं म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिली. सुशील तेव्हा जेवत होता. त्याने मान वर केली नाही. आमच्या घरात तुझं नाव निघालं की हल्ली असंच होतं, ज्याला त्याला एकदम काहीतरी काम आठवतं. मीही त्यातलाच. उठून उगाच खिडकी नीट लागली आहे का ते बघतो.

तुला राग येईल अशी गोष्ट आधीच सांगून टाकतो. गुरुवारी संध्याकाळी ऑकलंडहून सुशीलला फोन आला. घरं धुणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा माणूस होता. तू तिथे सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला आहेस आणि आधीच्या कामाबद्दल विचारायला सुशीलचा नंबर दिला आहेस. दुसऱ्या कोणाचा देणार म्हणा, तीन वर्षं तू त्याच्याच जोडीने काम केलंस. मी मेथी निवडत बसलो होतो. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण सुशीलचं येत होतं. तू मेहनती आहेस, वेळेवर येतोस, मशीनची तुला उत्तम जाण आहे, हे तो भराभर बोलला. मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. तो म्हणाला, ‘आय वुड रादर नॉट से.’ माझं इंग्रजी कारखान्यातलं असलं तरी एवढं मला कळतं. भरवशाचं विचारलं असणार. ज्याच्याबद्दल असं उत्तर मिळतं त्याच्या हातात कोणी यंत्रं आणि माणसं देत नाही.

ती नोकरी दिवसाची होती. पेनरोजच्या गोदामातली तुझी रात्रपाळी सुटली असती आणि बाळ आल्यावर तू रात्री घरी असतास. हे मला गार्गीकडून कळलं, गार्गीला अस्मिताकडून. तुमचं बोलणं बंद झालं तरी त्या दोघींचं चालू आहे, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. मेथी निवडून झाली होती, पण मी तसाच बसून राहिलो, कारण सुशील जे बोलला नाही ते खरं म्हणजे मी बोलायचं होतं. नऊ महिने झाले, बोललेलो नाही. आज लिहितो आहे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी वाच, कारण मला ते एकदा सलग लिहायचं आहे, आणि शेवटी तुझ्याकडे काही मागायचंही आहे.

मी २०१६ मध्ये पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मंदाला, सुशीलच्या आईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. मिरजेत मी सगळ्यांना सांगत असे की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. तो होताच, सोमवार ते शुक्रवार आगगाडीने वेलिंग्टनला जात होता. पण शनिवार-रविवार तो तुझ्याबरोबर लोकांच्या घरांच्या भिंती धुतो, हे मला इथे आल्यावर कळलं. मला लाज वाटली आणि मी ते बोलूनही दाखवलं. तू समोरच उभा होतास, गमबुटांत, अंगभर शिंतोडे. याचसाठी एवढं शिकवलं का, असंही काहीतरी म्हणालो होतो. तू रागावला नाहीस. म्हणालास, ‘काका, एकदा बरोबर चला तरी.’ मी आलो तो तुमची कशी फजिती होते ते बघायलाच.

ते जुनं लाकडी घर मला अजून दिसतं. इथे दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन लागत नाही, म्हणून ती शेवाळाने काळी-हिरवी झाली होती. तू मला घडीची खुर्ची टाकून दिलीस, ऊन येईल तशी ती सरकवत राहिलास. घरमालकीण बाई ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून चहा देऊन गेल्या. शेवाळ निघून खालचा पिवळा रंग वर आला तेव्हा मी खुर्चीवरून उठून बघायला गेलो, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. पण माझं लक्ष भिंतीपेक्षा पंपाकडे जास्त होतं. आवाज बरोबर नव्हता, एक झडप नीट बसत नव्हती. तुम्ही डबे उघडलेत तोवर मी ती काढली, पुसली, परत बसवली. इंजिन चालू केल्यावर आवाज जागेवर आला आणि तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तू मला चीफ इंजिनियर म्हणायला लागलास. बत्तीस वर्षं मी पंपाच्या कारखान्यात फिटर होतो, त्यातली वीस वर्षं गावोगाव विहिरींवर जाऊन पंप दुरुस्त केले, पण मला कोणी इंजिनियर म्हटलं नव्हतं. मंदा गेल्यापासून तर मला कोणी कामालाच हाक मारली नव्हती. तुम्ही दर शनिवारी नेत होता. त्याचा मला किती आधार होता हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षीचं. तीन जून, शनिवार. थंडीत दोन-अडीच महिने काम नसतं म्हणून मशीन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं होतं. तू पाणी चालू असतानाच पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवलंस. मग नळ्या सोडल्यास, फवाऱ्याची बंदूक दाबून त्यातलं पाणी काढलंस, दोरी ओढून ओढून पंपातलं पाणी बाहेर काढलंस. तेल बदललंस, प्लग काढून आत थेंबभर तेल सोडलंस. काम अगदी नीट चाललं होतं. मी बाजूला उभा होतो आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. मग मीच म्हणालो की पंप असा कोरडा ठेवू नका, आतलं रबर वाळेल, पाणी भरून ठेवा. आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाला मी शेकडो लोकांना हेच सांगितलं. तू हिरव्या पाण्याची बाटली दाखवलीस, मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते न गोठणारं. म्हणालास, ‘काका, हे मिरज नाही. इथे पत्र्याच्या शेडमध्ये पाणी गोठतं, आणि गोठलं की पितळसुद्धा फोडतं.’ तू चांगल्या शब्दांतच बोललास. पण सुशील हसला, आणि म्हणाला, ‘बाबा, विंटरचं डिपार्टमेंट मकरंदचं. तुम्ही आत जाऊन हीटरपाशी बसा.’ तेवढ्यात सलोनीचे पोहायचे टॉग्ज सापडेनात म्हणून गार्गीने हाक मारली, तिच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली होती, आणि तो आत गेला. त्यामुळे तू ते हिरवं पाणी पंपात घातलंस हे त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं.

हीटरपाशी बसा. एवढंच वाक्य. त्यात वाईट काय होतं सांग? मुलाने बापाच्या काळजीनेच म्हटलं होतं. पण मला ते लागलं. वाटलं, झालं, आपण आता हीटरपाशी बसायच्या कामाचे. मंगळवारी घरात कोणी नव्हतं. मी शेडमध्ये गेलो. पंपाच्या पोटाखाली ते पितळी बूच असतं, ते खोललं आणि तुझं हिरवं पाणी बादलीत काढून टाकलं. पंप धुतला. मग बूच परत बसवताना गळू नये म्हणून लावतात तो सफेदा नव्हता, म्हणून खिडकीचा उरलेला पांढरा ऑइलपेंट लावून गार्गीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आट्यांवर गुंडाळला, आमच्या पद्धतीने. वरून काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं आणि दोन्ही तोंडांना टोपणं लावली. हात धुऊन आत येताना मी शीळ घालत होतो. ऑगस्टमध्ये मशीन काढाल, रबर मऊ राहिलेलं बघाल, आणि मग मी सांगीन हे कोणी केलं, असा माझा बेत होता.

नंतर मी स्वतःची समजूत घालत राहिलो की मला इथली थंडी माहीत नव्हती. बर्फ मी पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, तो कशाला पितळ फोडेल, वगैरे. पण हे खोटं आहे, मकरंद. मला माहीत नसेल, पण तू सांगितलं होतंस. तू सांगितलंस म्हणूनच मी केलं. जुलैत चार सकाळी अंगणातलं गवत पांढरं झालं, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची जाड काच धरली. तेव्हाही शेडमध्ये जाऊन बघायचं धैर्य झालं नाही. बघितलं असतं तर निदान तुम्हाला आधी कळलं असतं, आणि ऑगस्टमधल्या मोठ्या कामासाठी भाड्याने मशीन आणता आलं असतं.

एकोणीस ऑगस्टला तू अस्मिताला घेऊन बाहेरगावी गेला होतास. सोमवारपासून त्या वृद्धाश्रमाची सगळी घरं धुवायची होती, तुमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. सुशीलने टोपण काढलं तर आतून स्वच्छ पाणी आलं, हिरव्याचा थेंब नाही. इंजिन चालू केलं तर पितळेला बोटभर चीर, आणि त्यातून पंख्यासारखा फवारा. त्याने तिथूनच तुला फोन लावला, हात ओले म्हणून स्पीकरवर. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. तू म्हणालास, मी पाणी काढून कूलंट घातलं होतं. तो म्हणाला, मग हे पाणी कुठून आलं? तू विचारलंस, ‘काका कुठे आहेत?’ सुशील चिडून म्हणाला, ‘बाबांचा यात काय संबंध?’ आणि तू काही बोलला नाहीस.

तुला त्याच क्षणी कळलं होतं. तू मला बोलायला जागा करून दिलीस, आणि मी माझ्या पायांतल्या रबरी जॅन्डल्सकडे बघत उभा राहिलो. पुढे सुशील जे बोलला ते मी पुन्हा लिहीत नाही. मशीन फुटल्याचं काही नाही, पण खोटं का बोललास, हे त्याने तीन वेळा विचारलं. तू एका शब्दाने माझं नाव घेतलं असतंस तर सुटला असतास. तू घेतलं नाहीस. म्हाताऱ्याला त्याच्या मुलासमोर उघडं पाडायचं नाही, एवढ्यासाठी तू खोटारडा ठरलास, आणि ज्याच्यासाठी ठरलास तो तिथे ढिम्म उभा होता. वृद्धाश्रमाचं काम गेलं. दहा दिवसांनी मी विमानात बसलो तेव्हा तुमची भागीदारी संपली होती. विमानतळावर सुशीलने मला मिठी मारली आणि म्हणाला, बाबा, तुम्ही होता म्हणून निभावलं. मला तेव्हा खरोखर विमानात न बसता परत फिरावंसं वाटलं, पण मी बसलो.

मिरजेत सहा-सात महिने काढले. कोणाला सांगितलं नाही. शेजारचे बाळासाहेब त्यांच्या मळ्यातल्या पंपाचं विचारायला आले, नेहमी येतात तसे. मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. तुला पत्र लिहायला तेव्हाही दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी लिहून कागद फाडला.

मार्चमध्ये परत आलो तर मशीनला नवा पंप, ट्रेलरवर दुसराच कोणीतरी मदतनीस, आणि सुशील मला शनिवारी बोलवेना. थंडी आहे बाबा, म्हणायचा, मार्चच्या उन्हात. मला वाटलं, बिझनेसमध्ये तोंड पोळल्यामुळे हौस राहिली नसेल. सलोनीने एकदा विचारलं, ‘व्हेअर इज मकरंदकाका? इज ही स्टिल मॅड अ‍ॅट अस?’ सुशील म्हणाला, नाही बेटा, तो ऑकलंडला राहतो. लेकराने बरोबर प्रश्न विचारला होता आणि त्याला पत्ता सांगून गप्प केलं.

गुरुवारच्या फोननंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काल सकाळी दव इतकं पडलं होतं की छपराचं पाणी ठिबकत होतं. सुशील शेडमध्ये मशीन थंडीसाठी तयार करत होता, एकटाच. तू करायचास त्याच क्रमाने सगळं करत होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. तो दोरी ओढत होता, मध्ये बोललो तर धीर सुटेल म्हणून त्याची दोरी ओढून होईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, सुशील, गेल्या वर्षी पंपात पाणी मी भरलं होतं. मकरंदने सगळं बरोबर केलं होतं. मी त्याचं हिरवं पाणी काढून टाकलं.

तो दचकेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, अशी तयारी करून मी गेलो होतो. त्याने हातातली बाटली हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, ‘माहीत आहे, बाबा.’

ऑक्टोबरपासून माहीत होतं त्याला. फुटलेला पंप पितळेच्या भंगारात द्यायचा म्हणून त्याने सुटा केला, तर खालच्या बुचाला पांढरा रंग आणि त्यात गुंडाळलेला दोरा. इथे सगळे टेप लावतात. दोरा लावणारा माणूस या गावात एकच येऊन गेला होता. मी विचारलं, मग तू मकरंदला का नाही फोन केलास? तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला. म्हणाला, ‘केला असता. त्याने तुम्हाला माफही केलं असतं. पण मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही परत आला असता का इथे?’

नसतो आलो, मकरंद. तो मला ओळखतो. मिरजेच्या दोन खोल्यांत कुढत बसलो असतो, आणि फोनवर सगळं छान आहे म्हणालो असतो. आईच्या शेवटच्या आजारात त्याला पोचायला चार दिवस उशीर झाला होता. ते त्याने मनाला किती लावून घेतलं आहे हे मला काल कळलं. बाप पुन्हा यावा म्हणून त्याने मित्र सोडून दिला. मग मी गुरुवारचं विचारलं. माहीत होतं तर त्या माणसाला असं का सांगितलंस? त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणाला, तो माणूस विचारत होता, इतका चांगला होता तर तुमच्याकडून गेला का? ‘बाबा, माझ्याकडे उत्तरच नव्हतं. खरं सांगायचं तर तुमचं नाव. खोटं सांगायचं तर पुन्हा त्याच्यावरच. म्हणून म्हटलं, नाही सांगत. फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोललोय ते.’ माझा पस्तीस वर्षांचा मुलगा बादलीवर बसून हमसून हमसून रडला. नऊ महिन्यांपूर्वी मी दोन शब्द बोललो असतो तर त्याच्यावर ही वेळ आली नसती. तुला खोटारडा म्हणणाऱ्या घरात खोटं बोलणारी माणसं आम्ही दोघं होतो.

त्याने तिथूनच त्या कंपनीत फोन लावला. मी म्हटलं, स्पीकरवर ठेव. त्याने सगळं सांगितलं, आणि मीही माझ्या इंग्रजीत सांगितलं, आय ब्रोक द पंप, मकरंद टोल्ड ट्रुथ. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, कळवलंत हे चांगलं केलंत, मेट, पण ती जागा शुक्रवारी दुपारीच दुसऱ्या माणसाला दिली. तुझं नाव लिहून ठेवतो म्हणाला, सप्टेंबरात वसंत सुरू झाला की पुन्हा माणसं लागतात. तुझं बाळ ऑगस्टमध्ये येणार, आणि तू पेनरोजला रात्रभर फोर्कलिफ्ट चालवत असशील. हे माझ्यामुळे. माफी मागतो, पण माफीने तुझी एकही रात्रपाळी कमी होणार नाही हे मला कळतं, म्हणून माफीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

लिहिलं ते यासाठी. कालपासून सुशीलने तुझा नंबर कितीदा काढला ते मी मोजलं नाही. नंबर काढतो, अंगठा ठेवतो, आणि फोन खिशात टाकून बाहेर जाऊन उभा राहतो. त्याला पंपाबद्दल बोलायची लाज वाटत नाही. ऑक्टोबरपासून गप्प राहिलो हे कोणत्या तोंडाने सांगू, म्हणतो. ते मी आता तुला सांगून टाकलं आहे. त्याच्याकडे सांगायचं काही उरलेलं नाही, तरी त्याचा अंगठा हलत नाही. मी तुझ्यापाशी कसलाही हक्क सांगू शकत नाही आणि जे मागतो आहे ते उलटंच आहे, कारण चूक आमची आणि पाऊल तू उचलावंस असं म्हणतो आहे. पण दुसरं कोणी नाही. मला पुढे कधी काका म्हणू नकोस, चालेल. हे पत्र मिळालं की तू सुशीलला फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर दे, त्या त्याला हव्याच आहेत. फक्त एक सांभाळ. तुझा आवाज ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलू शकणार नाही. तेव्हा फोन ठेवून देऊ नकोस. थांब.

तुझाच,
काशिनाथकाका